बांबूवरची चिंधी

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी आणि बायकोनं मिळून तिचं एक जुनेर फाडलं. तिनं दातानं काठ तोडून सुरुवात करून दिली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं आणि म्हणाली, "ओढा आता. पलटणीत होतासा न्हवं?" मी ओढलं. लुगडं इतकं विरलेलं की टर्र असा आवाजसुद्धा आला नाही, उसासा टाकावा तसं ते दोन झालं. त्यातली हातभर चिंधी तिनं नीट घडी करून कोनाड्यात ठेवली. मी शिडी आणायला उठलो, तर म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या. दिवे लागायच्या टायमाला शिडीवर चढून पडलासा तर तुमाला उचलू का चिंधीला? उद्या सकाळी बांधा." मग आम्ही बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. भरीत थोडं खारट झालं होतं. मी तसं बोललो, तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. झालं, एवढंच.

ती चिंधी छपरावरच्या बांबूला बांधायची होती. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून. माझी बायको वारा बघायची. लोक पंचांग बघतात, घड्याळ बघतात, शेजाऱ्याच्या ताटात काय पडलंय ते बघतात. ही वारा बघायची. अख्ख्या राजस्थानात हिच्याइतका वारा कुणी बघितला नसेल, विमानवाल्यांनीसुद्धा नाही, हे मी कुणाच्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. विमानवाले उडायच्या वेळेपुरता बघत असतील. ही सकाळी अंगणात पाय टाकण्याआधी चिमूटभर पीठ वर उडवायची, पीठ कुठं जातं ते बघायची, आणि मग त्या दिवशी चूल कुठल्या दारात मांडायची, मी कुठं बसायचं, शेजारीण आली तर तिला कुठं बसवायचं, हे सगळं ठरायचं. शेजारणी आधी समजायच्या की ही दक्खणी बाई रोज कसला तरी टोटका, म्हणजे तोडगा, करते. एक तर मुलाचं लग्न जमावं म्हणून हिच्याकडून चिमूटभर पीठ मागून घेऊन गेली होती. लग्न जमलं, ही गोष्ट वेगळी.

हे वेड तिला माहेराहून आलेलं. तिचा बाप कराडच्या बाजूला गुऱ्हाळावर जाळ घालायचा. काहिलीखाली उसाची चिपाडं सारायची, गूळ उतरेपर्यंत जाळ मोडू द्यायचा नाही, असलं काम. ही त्या जाळापाशीच लहानाची मोठी झाली. वारा फिरला की धूर अंगावर येतो, मग उठायचं आणि पलीकडे जाऊन बसायचं, एवढं शिक्षण तिला चालायला लागल्यापासून मिळालं. शाळेचं तिला मुळीच नाही, मला नावापुरतंच. मी चार यत्ता शिकून पलटणीत गेलो, तिथं इंजनं चालवायला शिकलो, आणि जयपूरच्या छावणीतून पेन्शनीत निघालो तेव्हा म्हटलं, इथंच राहू. गावी जमीन म्हणाल तर भावाचा बैल आडवा झाला की माझ्या वाटणीची संपली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मागं ओढणारं कुणी नव्हतं, पुढं ढकलणारंही नव्हतं. इथल्या एका ठेकेदारानं विचारलं, "मिक्सर का इंजन चलाओगे?" मी म्हटलं, चलाऊंगा.

बिडीला तिनं मला कधी बंदी केली नाही, तेवढी शहाणी होती. पण बिडी पेटवली की वाऱ्याच्या खालच्या अंगाला जायचं, असा कायदा. आता जयपूरचा वारा म्हणजे सरकारी माणूस नव्हे, की दहा ते पाच एका जागी बसेल. उन्हाळ्यात दिवसभर पश्चिमेचा, पण वादळ यायचं असलं की भुतानं झपाटल्यासारखा चारी बाजूंनी फिरतो. अशा दिवशी मी एका बिडीत घराला पुरती प्रदक्षिणा घालायचो. ती आतून ओरडायची, "फिरला! फिरला! पिंपळाकडं जावा!" की मी पिंपळाकडं. समोरचा पानवाला एकदा मला म्हणाला, "हवलदारजी, बीड़ी पीते हो या परेड करते हो?" मी म्हटलं, भैया, तू लग्न केलंयस का? नाही म्हणाला. मग तुला सांगून उपयोग नाही, म्हटलं.

तिचं सगळंच बरोबर असायचं असं नाही, उलट बरंचसं चूकच असायचं. माझी दाढ दुखली, धुरानं. दूध नासलं, धुरानं. मागच्या गल्लीतल्या कोंबडीनं अंडी द्यायची बंद केली, ते वीटभट्टीच्या धुरानं. आणि वीटभट्टी तीन कोसांवर. इथं साहेबलोकांची मराठी घरं होती काही, बँकेतले, विम्यातले, छावणीतले. त्यांच्या गणपतीला आम्हाला बोलावणं असायचं. एका वर्षी आरतीला धुपाटणं पेटवलं, आणि हिनं बोट ओलं करून वर धरलं. "वैनीसायेब, तुमी जरा हिकडं सरा. सायेब, तुमी बी. ह्या म्हाताऱ्या आजींना मदी घ्या." सरत सरत, सरत सरत सगळी मंडळी अशी फिरली, की आरती संपायला आली तेव्हा गणपतीकडं सगळ्यांची पाठ. साहेब सज्जन माणूस, हळूच म्हणाले, "बाई, देवाकडं पाठ होतेय हो." ही म्हणाली, "देवाला सोंड हाय, वर करून दम घील. तुमाला हाय का?" त्या घरात पुढच्या वर्षापासून धूप बंद झाला आणि आमचं बोलावणं मात्र चालू राहिलं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. शहराच्या बाहेर एका शेठचं मोठं धान्याचं गोदाम बांधायचं काम चाललं होतं. तीन बाजूंच्या भिंती उभ्या राहिलेल्या, अर्ध्यावर छप्पर पडलेलं. माझा मिक्सर आणि त्याचं डिझेलचं इंजन त्या छपराखाली आत ठेवलेलं. कारण ऊन. वैशाखात इथं बाहेर ठेवलेल्या इंजनातलं पाणी चहासारखं उकळतं, म्हणून इंजनाला सावली. आणि त्याच सावलीत पंधरा-वीस बाया आणि बेलदार वाळू, खडी, सिमेंट घमेल्यानं आणून मिक्सरच्या तोंडात टाकायचे. घमेल्याला इथं तगारी म्हणतात. जागा कोंदट, वारा नाही, आणि इंजनाची नळी ही एवढी, वीतभर, सरळ माणसाच्या तोंडासमोर काळा धूर सोडणारी. मला सवय होती. पलटणीत असताना धुराला आम्ही धूर म्हणायचो नाही, हवा म्हणायचो.

ही माझी भाकरी घेऊन पहिल्यांदा तिथं आली ती ऐन दुपारी. दारातच थांबली. नाकपुड्या फुलल्या. मला म्हणाली, "अवं, हितं काय गुऱ्हाळ हाय का मसणवाट?" तेवढ्यात एक मजूरण तगारी खाली टाकून भिंतीला टेकून खाली बसली, डोकं दोन्ही हातांत धरून. ओठ निळसर झालेले. बाकीच्या बाया म्हणाल्या, ऊन लागलं. ही म्हणाली, सावलीत कुठलं ऊन लागतंय? भाकरीचं फडकं माझ्या अंगावर फेकलं, त्या बाईला बगलेत धरून फरफटत बाहेर नेलं, पीठ जवळ नव्हतं म्हणून मूठभर माती उडवून वारा बघितला, वरच्या अंगाला कडुलिंबाखाली तिला बसवली, पाणी पाजलं. थोड्या वेळानं तिला जरा बरं वाटलं. हिनं विचारलं, "नाव काय गं बाई तुझं?" ती म्हणाली, "धापू."

झालं. धापू! हिच्या डोळ्यांतून ठिणग्या उडाल्या. हिला वाटलं, बाईला धाप लागते म्हणून ह्या लोकांनी तिचं नावच धापू पाडलंय, आणि वर तिलाच रोज त्या धुरात उभी करतात. तशीच तडक निघाली मुनीमजींकडं. मुनीमजी म्हणजे ठेकेदाराचा कारभारी, किडकिडीत माणूस, टेबलाशी बसून दिवसभर तपकीर ओढायचा आणि शिंकायचा, आणि दर शिंकेला म्हणायचा, "इस धूल ने मार डाला." ही त्याच्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "लाज न्हाई वाटत? उसको धाप लगता है और तुम उसको धापू बोलता है!"

मुनीमजींनी चष्मा वर केला. "बाईजी, यह नाम तो इसके बाप ने रखा है. पाँचवीं छोरी थी. मतलब, धाप गये, पेट भर गया छोरियों से."

हिनं टेबलावरचा हात काढला. मग म्हणाली, "मंग त्या बापाला आणा हिकडं."

बाप आला नाही, तो केव्हाच वारला होता. पण धापू आणि ही, दोघींचं त्या दिवसापासून जमलं ते जमलंच. धापूला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हिला तिची ढुंढाडी बोली कळत नव्हती, आणि दोघी तासन्‌ तास बोलायच्या. काय बोलायच्या, ते देवालाच ठाऊक.

धापू त्या दिवशी बाहेर बसली खरी, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आत, बाकीच्या बायांबरोबर. न जाऊन सांगते कुणाला, पोट आहे. हिनं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुनीमजींसमोर. "मुनीमजी, तुमारा इंजन लई धूर सोडता है. ये बायांका छातीत धूर भर गया!" मुनीमजी एकदम उठून उभे राहिले. त्यांच्या मनातलं असं कधी कुणी बोललं नव्हतं. "सही बात है बाईजी! धूल तो बहुत है. मैं खुद परेशान हूँ. अभी छिड़काव करवाता हूँ!" आणि त्यांनी भिश्ती बोलावला. तो पाठीवर पखाल घेऊन आला आणि अख्ख्या गोदामात पाणी शिंपडून गेला.

आता जयपुरात धुराला म्हणतात धुआँ, आणि धुळीला म्हणतात धूल. हिचा 'धूर' मुनीमजींच्या कानात शिरेपर्यंत धूल होऊन जायचा, त्यातून तपकिरीनं त्यांचं डोकं आधीच धुळीनं भरलेलं. ही तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली, "धूर कमी नहीं हुआ." भिश्ती दोनदा आला. चौथ्या दिवशी ही किंचाळली, "धूर! धूर! धूर!" मुनीमजींनी हात जोडले आणि भिश्त्याला दिवसभरासाठीच ठेवून घेतला. गोदामात घोटाभर चिखल झाला. बाया तगाऱ्या घेऊन घसरायला लागल्या, एक बेलदार सिमेंटच्या गोणीसकट बसला. धूर मात्र जिथं होता तिथंच, मजेत. मला सगळं दिसत होतं. मी एकदा तोंड उघडलं, की "मुनीमजी, हिचं म्हणणं असं..." तर हिनंच मला थांबवलं. बाजूला घेऊन म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा. तुमची नोकरी हाय. माझी काय जाणार हाय? मला भांडू द्या." मी गप राहिलो. आणि खरं सांगायचं तर, तिचं हिंदी ऐकायला मला मजा येत होती.

गोदामाचं काम रेंगाळत रेंगाळत थंडीपार गेलं. थंडीत जरा बरं, पण होळी झाली आणि ऊन तापायला लागलं, तशी धापू पुन्हा भिंतीला टेकायला लागली. तिच्याबरोबर दुसरी एक. मग एक बेलदार दोन दिवस कामावर आलाच नाही, डोकं धरून घरी पडून राहिला. ही घरी आली की नुसती पिठाच्या डब्याकडं बघत बसायची. ती अशी बसली की मला भीती वाटायची.

होळीनंतर आठव्या दिवशी इथं शीतला मातेची अष्टमी असते. चाकसूला डोंगरीवर मोठी जत्रा भरते. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं आणि त्या दिवशी शिळं, थंड खायचं. बासोडा म्हणतात त्याला. आग पेटलेली मातेला चालत नाही. आमच्याकडंही शीतला सप्तमी असते, चूल पेटवायची नाही, फक्त ती श्रावणात. ही म्हणायची, "देवी तीच, फकस्त तिला हिकडं उनाळा सोसत न्हाई म्हणून आधी येते." त्यामुळं ही दोन्ही पाळायची आणि मला वर्षातून दोनदा शिळं मिळायचं.

त्या सकाळी धापूनं घरून आणलेली थंड राबडी सगळ्या बायांनी कडुलिंबाखाली बसून खाल्ली. मका-बाजरीच्या पिठाची ताकातली पेज म्हणजे राबडी. हिलाही वाटीभर दिली. मी तिकडं इंजनाला हँडल लावलं आणि फिरवायला वाकलो. तेवढ्यात हिचा आवाज, "थांबा!"

मी थांबलो. पलटणीतसुद्धा मी असा चटकन थांबलो नसेन.

"अवं, ह्या इंजनात काय जळतं?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मुनीमजीही. मी म्हटलं, "तेल जळतं. डिझेल."

"म्हंजे आत जाळ हाय."

"आहे."

"मंग ही चूलच झाली की!" आणि धापूकडं वळून, हातवारे करत, "धापू, ये चूल्हा है. अंदर आग. आज मातेचा दिवस!"

धापूनं तोंडावर हात ठेवला. तिनं बाकीच्यांना सांगितलं, बाकीच्यांनी बेलदारांना सांगितलं, आणि चुटकीसरशी अख्खं काम कडुलिंबाखाली येऊन बसलं. आज इंजन पेटणार नाही. पेटलं तर माता कोपेल, पोरांना देवी येतील. मुनीमजींनी आधी धमकावलं, मग विनवलं, मग तपकीर ओढली, मग ठेकेदाराला बोलवायला माणूस पाठवला.

ठेकेदार जीपमधून आला. भरदार माणूस, आवाज मोठा. "क्या तमाशा है? इंजन भी कोई चूल्हा होता है?" आणि माझ्याकडं वळला, "हवलदार, तू बता." आता इथं माझी नोकरी उभी होती, समोर, कोट घालून. मी म्हटलं, "ठेकेदारजी, जाळ तर आहे. मी रोज पेटवतो, मला खोटं सांगता येत नाही." तो म्हणाला, "तू भी?" मी म्हटलं, "मी ह्या बाईच्या घरी जेवतो."

धापू अंग चोरून बसणारी बाई, पण त्या दिवशी तीच उठली. जीपमध्ये ठेकेदाराच्या जेवणाचा डबा होता, त्याकडं बोट करून म्हणाली, "थांका घर को चूल्हो भी तो आज ठंडो छै, सेठां!" ठेकेदाराचा चेहरा पडला. त्याची म्हातारी आई बासोडा कडक पाळायची, हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं. डब्यात थंड पुऱ्या आणि राबडीच होती. आपल्या घरची चूल थंड ठेवायची आणि दुसऱ्याच्या पोटासमोर जाळ लावायचा, हे त्यालाच जमेना. तो हिच्यासमोर येऊन, जरा हसून म्हणाला, "अच्छा बाईजी. आज इंजन बंद. मतलब, माता का दिन है. पर असली बात बताओ. आप चाहती क्या हो?"

ही बोलायला गेली आणि थबकली. आजपर्यंत 'धूर' म्हणून किती पाणी पडलं ते तिला आठवलं असावं. धापूकडं वळली, दोन्ही हात वर नेत नेत बोटं वळवली, ठसका लागल्यासारखं खोकून दाखवलं आणि विचारलं, "ह्याला काय म्हणतात गं हिकडं?"

"धुआँ," धापू म्हणाली.

"धुआँ!" ही ठेकेदाराकडं वळून ओरडली. "धुआँ! धुआँ नको!"

मुनीमजींनी कपाळावर हात मारला. "हे राम! बाईजी, आप धुआँ बोल रही थीं?"

"मंग काय आरती म्हणत हुते?" ही म्हणाली. "आणि एवढं पाणी कशापायी वतलंसा मेल्यांनो?"

त्या दिवशी सगळे हसले, ठेकेदारसुद्धा. भिश्ती तेवढा हसला नाही, त्याचं काम गेलं. पण ही हसली नाही. तिनं धापूला पुढं ओढलं, तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि ठेकेदाराला म्हणाली, "ये निळा बघितला का? तुमारा इंजन को ऊन लगता है तो सावली दिया. इनको धुआँ लगता है, इनको काय दिया?" ठेकेदारानं धापूच्या ओठांकडं बघितलं. त्यानं मला विचारलं, बाहेर ठेवलं तर चालेल का? मी म्हटलं, गवताचं छप्पर घाला, पाण्याच्या टाकीला ओलं गोणपाट गुंडाळतो, चालेल. दुसऱ्या दिवशी इंजन बाहेर आलं. तगारी घेऊन चार पावलं जास्त चालावं लागलं, त्यावरूनही एक बेलदार कुरकुरलाच. लोहारानं इंजनाला लांब नळी करून दिली. ही तिला धुराडं म्हणायची. पहिल्याच दिवशी वारा फिरला आणि धुराड्याचा सगळा धूर मुनीमजींच्या टेबलावर गेला. ते खोकत खोकत बाहेर आले. ही शांतपणे म्हणाली, "आता कळलं, धूल न्हवं, धूर." त्यावर उपाय म्हणून हिनं एक उंच बांबू रोवला, त्याला आपल्या जुनेराची चिंधी बांधली. चिंधी जिकडं उडेल तिकडं धूर जाणार, मजुरांनी त्याच्या उलट बाजूला बसायचं, जेवायचं, पोरं झोपवायची.

आता जयपुरात बांबूला कापड बांधलं की काय होतं, हे मला आधी कळायला हवं होतं. आठवड्यात त्या बांबूपाशी एक शेंदूर लावलेला दगड आला. मग नारळ. मग रस्त्यानं जाणारे टांगेवाले हात जोडायला लागले. एका बाईनं मुलाची जावळं आणून वाहिली. आणि एके सकाळी बघतो तर मुनीमजी स्वतः डोळे मिटून त्या चिंधीपुढं उभे, आणि बांबूच्या बुडाशी उदबत्त्यांचा जुडगा पेटवलेला! ही धावत गेली, उदबत्त्या विझवल्या आणि म्हणाली, "मुनीमजी, हे धुआँका दुश्मन देव हाय. उसके नाक में धूर सोडता है?" मुनीमजींनी कान धरले. पुढं त्यांनी फुलं वाहिली, तीही वाऱ्याच्या वरच्या अंगानं.

सगळीकडंच असं झालं नाही, ते सांगायला हवं. गोदाम संपलं, दुसरं काम लागलं, तिसरं लागलं. कुठं इंजन बाहेर आलं, कुठं नाही. एका ठेकेदारानं बांबू उपटून फेकला आणि आम्हा दोघांना हाकलून दिलं, अष्टमी वर्षातून एकदाच, आणि ती यायच्या आधीच आम्ही बाहेर. आम्ही टांग्यातून घरी आलो तेव्हा ही म्हणाली, "जावं दे. बांबू तरी आणलासा का परत?" मी आणला होता. तोच नंतर आमच्या छपरावर उभा राहिला. माझं काम सुटलं, हात थरथरायला लागले, पण चिंधी कायम. धापू दर बासोड्याला आमच्याकडं राबडी घेऊन येत राहिली. तिला नंतर नातवंडं झाली. एका नातीचं नाव काय ठेवू, असं तिनं हिला विचारलं. ही म्हणाली, "वारा." धापूनं ठेवलं नाही, पण घरात त्या पोरीला सगळे वारा म्हणतात.

त्या शेवटच्या संध्याकाळनंतर मी सकाळी उठवायला गेलो, तर ती उठली नाही. वैद्य म्हणाले, झोपेतच गेली. असेल. तिला कशानं काय झालं ते सांगायची सवय होती, ह्या वेळेला तिला काही म्हणायला वेळच मिळाला नाही. धापू दारात बसून रडली, "काकीजी, काकीजी" करत. मुनीमजी काठी टेकत आले, त्यांना आता नीट दिसत नव्हतं. साहेबलोकांपैकी दोघे आले, तेच गणपतीवाले. मी निघताना कोनाड्यातली चिंधी उचलली आणि खिशात घातली. कशासाठी, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

स्मशानात सगळं रचून झालं. लोक जवळ गोळा झाले, जशी पद्धत आहे. गुरुजींनी माझ्या हातात पेटता पलिता दिला. तेवढ्यात मुनीमजी माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, धूर किधर जायेगा?"

धूर म्हणाले. धुआँ नाही.

मी गुरुजींना म्हटलं, जरा थांबा. पलिता त्यांच्याकडं दिला. मुनीमजींची काठी घेतली, तिच्या टोकाला चिंधी बांधली आणि काठी वर धरली. सकाळी बांधा, म्हणाली होती. चिंधी आधी लोंबत राहिली, मग उठली आणि पूर्वेकडं ताणली गेली. मी साहेबांना म्हटलं, तुम्ही इकडं या. मुनीमजींना धरून आणलं. सगळ्यांना पश्चिमेच्या अंगाला घेतलं, एकालासुद्धा मागं ठेवलं नाही. मग अग्नी दिला.